जपानच्या शेवटच्या भागासाठी बाळकुमला

जपानला जाऊन आलेल्या लोकांनी जपानबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. तिथल्या गाड्या, तिथली स्वच्छता, तिथलं कमरेत वाकून नमस्कार करणं. मी जपानला गेले नाही आणि जाण्याची शक्यताही दिसत नाही. मी जपानसाठी बाळकुमला गेले. बाळकुमवर अजून कुणी प्रवासवर्णन लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं आहे असं मी धरून चालते. मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. जपानच्या धड्यात चार मोठी बेटं आहेत, भूकंप आहेत, रेशीम आहे, मासेमारी आहे. जपानी माणूस प्रेमात पडला की काय करतो याबद्दल मात्र एक अक्षर नाही. ती उणीव जमेल तेवढी इथे भरून काढते.

डोंबिवली

आमचं आणि विनयचं घर समोरासमोर. मधे जिन्याचा एवढासा तुकडा. बालवाडीपासून आम्ही भांडत आलो आहोत. त्यांच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि आमच्याकडे रविवार म्हणजे बोंबील. त्यामुळे रविवारी सकाळी त्यांचं दार बंद आणि आमच्या खिडक्या उघड्या, असा आमच्या मजल्याचा रिवाज होता. तो मोडला व्हीसीआरने.

विनयच्या काकांनी आखातातून आणलेला व्हीसीआर त्यांच्या घरी येऊन बसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला म्हणून विनयने विठ्ठलवाडीच्या किशनभाईंच्या दुकानातून कार्टूनची कॅसेट आणली. भाचा थोडं बघून कंटाळला आणि बॅट घेऊन खाली पळाला. मोठी माणसं मात्र बसूनच राहिली, कारण त्या कार्टूनमध्ये ना उंदीर होता ना मांजर. एक शाळा होती, एक मुलगा होता आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या दोन मुली होत्या. बोलणं सगळं जपानी. त्यात कॅसेट जपानी पद्धतीची आणि व्हीसीआर आपल्याकडचा, दोघांचं जमेना, म्हणून चित्र काळंपांढरं यायचं आणि मधूनच खालून वर पळत सुटायचं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मी समोर जायची. विनय, त्याची आई आणि मी. भाषा कुणालाच येत नसल्यामुळे मतं भरपूर होती. त्या मुलाचं नाव आम्ही झिपऱ्या ठेवलं. दोन वेण्यांची एक मुलगी दुसऱ्या गावाहून बदली होऊन त्याच्या वर्गात आली होती, ती वेणीवाली. दुसरीचे केस आखूड. ती त्याच्या शेजारच्या घरात राहायची, लहानपणापासून रोज सकाळी त्याला गदागदा हलवून उठवायची आणि शाळेत न्यायची. तिला आम्ही शेजारीण म्हणायचो. विनयची आई, म्हणजे आमच्या काकू, पहिल्या दिवसापासून ठाम होत्या की वेणीवाली ही झिपऱ्याची चुलत बहीण आहे आणि दोघांची हरवलेली आजी शेवटच्या भागात सापडणार आहे.

किशनभाईंकडे हा माल हंगामाने यायचा. बाळकुमचा कुणी खलाशी बोटीवरून सुट्टीवर आला की जपानी कॅसेटींचं गाठोडं यायचं, तीन-चार महिने चालायचं, मग पुढचं. हापूस संपला की पायरी, तसं. त्या हंगामाबद्दल माझी मतं स्पष्ट आहेत. लोखंडी माणसांची एक मालिका होती, त्यात शहर पडायचं आणि पुढच्या भागात तेच शहर पुन्हा उभं. एक बेसबॉलची होती, तिच्यात एक चेंडू टाकायला अख्खा भाग जायचा आणि तेवढ्यात टाकणाऱ्याला आपलं सगळं बालपण आठवायचं. एक भुताची होती, ती काकूंनी निम्म्यात बंद करून वर देवाला उदबत्ती लावली. राहिली आमची प्रेमाची. ती सगळ्यांत संथ होती आणि तिचीच आम्हाला सवय लागली.

जपानी प्रेमाचे नियम मी त्या काळात अभ्यासले. पहिला नियम, बोलायचं नाही. काहीही करा, पण बोलायचं नाही. पाऊस आला की दोघांत एकच छत्री असते. डोंबिवलीत एका छत्रीत दोघं गेली तर संध्याकाळपर्यंत आईला तीन बायका येऊन सांगून जातात. तिथे कुणी बघतही नाही, पण ही दोघं इतकी लाजतात की गालांवर आडव्या रेघा उमटतात. मुलगी उशिरा उठते, तोंडात पावाचा तुकडा धरून रस्त्याने पळते आणि कोपऱ्यावर नेमकी मुलावर आदळते. आमच्या मानपाडा रोडवर असं पळणाऱ्या मुलीवर सायकल आदळेल आणि सायकलवालाच वर ओरडेल. मुलगा आजारी पडला की मुलगी पेज घेऊन येते. आपल्याकडे पेज घेऊन सगळी सोसायटी येते. आणि अगदी कुणी बोलायचं ठरवलंच, तर त्याच क्षणी आतषबाजी फुटते किंवा जोराचा वारा सुटतो. समोरच्याला काही ऐकू येत नाही, आणि बोलणारा म्हणतो, काही नाही. निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटतं.

शेवटचा नियम मात्र माझ्या डोक्यात गेला. शेजारीण हरते. मधे आणलेल्या आणखी दोन छोट्या मालिकांतही असंच झालं होतं. वर्षानुवर्षं उठवायचं तिने, डबा द्यायचा तिने, आणि बदली होऊन आलेली कुणीतरी दोन वेण्या उडवत येते आणि मुलाला घेऊन जाते. शेजारीण गच्चीवर उभी राहून हसते आणि म्हणते, छान झालं.

"बरोबरच आहे ते," विनय म्हणायचा. "वेणीवालीमध्ये काहीतरी नवीन आहे. शेजारणीचं काय, ती असतेच."

"असतेच म्हणजे? फर्निचर आहे का ती?" मी म्हणायची.

"तू कशाला एवढी चिडतेस, सुले? कार्टून आहे."

मी भूगोलाची शिक्षिका आहे, नकाशावर बोट ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून इथेही बोट ठेवते. मला विनय आवडायचा. समजायला लागल्यापासून आवडायचा. आणि मी एक शब्द बोलले नव्हते. झिपऱ्याला रविवारी नावं ठेवायची आणि सोमवार ते शनिवार स्वतः तेच करायचं, असं माझं चाललं होतं.

अशात विनयला स्थळ आलं. मुलगी वर्तकनगरची. वडील बँकेत, नुकतेच नाशिकहून बदली होऊन ठाण्याला आलेले. बदली हा शब्द ऐकताच मला दोन वेण्या दिसायला लागल्या. रविवारी पाच वाजता पोह्यांना जायचं ठरलं. काकूंना गाडीची गर्दी सोसत नाही, म्हणून ठाण्यात राहणारी विनयची मावशी परस्पर तिथे येणार होती.

त्याच आठवड्यात आमची मालिका शेवटच्या भागाशी येऊन थांबली, कारण पुढची कॅसेटच आली नाही. झिपऱ्या शेजारणीच्या दारात येऊन उभा राहिला, त्याने तोंड उघडलं, आणि कॅसेट संपली. विनय म्हणाला, रविवारी सकाळीच निघू, विठ्ठलवाडीला शेवटची कॅसेट शोधू आणि मग मी वर्तकनगरला जाईन. काकूंना हे पसंत पडलं. "सुलभा, बरोबर आहेस तर याच्याकडे लक्ष दे गं," निघताना त्या मला म्हणाल्या. "पांढरा शर्ट घातलाय. सांडून घेईल काहीतरी." अशा तऱ्हेने मी ज्याला पोह्यांना पोचवायला निघाले, तो पोह्यांना जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा होती.

विठ्ठलवाडी

गाडीबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सुखात राहू द्यावं.

किशनभाईंचं दुकान स्टेशनपासून जवळच. आत कॅसेटींच्या भिंती आणि मधे किशनभाई स्वतः एक कॅसेट उघडून पेन्सिलीने तिची फीत गुंडाळत बसलेले. आम्ही शेवटच्या भागाचं विचारलं, तेव्हा त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"वो बच्चों का कार्टून? आप देखते हो?"

"अभ्यासासाठी," मी म्हटलं. "मी भूगोल शिकवते."

"अच्छा," ते म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं की या मालिकेची शेवटची कॅसेट दुकानात येणारच नाही. बाळकुमचा तो खलाशी सगळ्या कॅसेटी देतो, पण त्याची आत्या ही एक कॅसेट घरातून हलू देत नाही. आत्या म्हणजे हौशीबाय. गावची धवलारीण.

विनयला धवलारीण ठाऊक नव्हती, म्हणून किशनभाईंनी समजावलं. "आगरी लोगों में शादी होती है ना, उसमें जो बाई गाने बोलके सब विधी करती है. हल्दी से लेके सब. उसके बिना शादी नहीं. घर जाके देखो, दिखाएगी वो. लेकिन बेटी, खाली हाथ मत जाना. नारियल लेके जाओ. मान रखनेवाली बाई है."

सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, हे मी आजही मानते. ठाण्याला उतरल्यावर आम्ही मार्केटातून एक मोठा, शेंडीवाला नारळ घेतला. विनयने तो हलवून पाणी आहे का बघितलं. पुढे काय होणार याची नारळासकट कुणालाच कल्पना नव्हती.

बाळकुम

बाळकुम म्हणजे खाडीकडचं गाव. उन्हात खारा वास येतो. एका बाजूला भाताची खाचरं, कापणी झालेली, आणि त्यांच्या मधे मधे मातीचे ढीग आणि येथे भव्य गृहसंकुल होणार अशा पाट्या. एका पाटीवर बगळा बसला होता. घरं बसकी, अंगण सारवलेलं, आणि अंगणात दोरीवर सुकायला घातलेले बोंबील बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, तरी वाटलं. विनय नाकाला रुमाल लावू की नको अशा विचारात होता आणि त्याने तो लावला नाही, एवढं मी त्याच्या खात्यावर जमा केलं.

हौशीबाय ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. चांगली दणकट बाई, नाकात भली मोठी नथ, आणि आवाज असा की खाडीपलीकडे भिवंडीच्या माणसाने ओ द्यावी.

"या गो, या. कंच्या गावशी आलाव?"

"डोंबिवलीहून," मी म्हटलं आणि नारळ पुढे केला. विनयनेही मधेच हात लावला, कारण नुसतं उभं राहणं त्याला बरं वाटेना. म्हणजे नारळ दोघांच्या हातातून गेला.

हौशीबायने सूप खाली ठेवलं. नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, विनयकडे पाहिलं. तिने नारळ कपाळाला लावला, आत नेला, त्याला हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवला.

"म्हातारी मानसा नाय आली बरोबर? तुमीच आलाव?"

"हो, आम्हीच," विनय म्हणाला.

"बरा केलाव. आताचे पोरांना धीर हाय."

कॅसेट मागायला एवढा धीर कशाला लागतो, ते मला कळलं नाही. पण लगेच तिने आम्हाला आत बसवलं आणि आल्यागेल्याला दाखवते तसं, आम्ही मागायच्या आधीच खलाशी भाच्याची ती कॅसेट टीव्हीवर लावली, तेव्हा ते मनातून गेलं. भाच्याने तिला दोन्ही पद्धतीचा व्हीसीआर आणून दिला होता. त्यावर जपानी कॅसेट रंगीत दिसत होती. आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो.

वेणीवालीचे केस हिरवे होते. हिरवेगार, अळूच्या पानासारखे. शेजारणीचे गुलाबी. इतके महिने विनय ज्या मुलीत काहीतरी नवीन आहे म्हणत होता, ते हे.

"हिरवे?" विनय खचून म्हणाला.

"तूच म्हणालास ना, नवीन आहे," मी म्हटलं.

पण सुरुवातीचं गाणं होताच तिने कॅसेट थांबवली. शेवटचा भाग जेवल्याशिवाय लागणार नव्हता, कारण उपाशी पाहुण्याला हौशीबाय दाराबाहेर सोडत नाही. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आल्या. आणि मग एका टोपात जिताड्याचं कालवण आलं, लालभडक, वर तेलाची तरी. तळ्यातला जिताडा मासा मोठ्या पाहुण्यालाच रांधतात, असं तिने सांगितलं. मी विनयकडे पाहिलं. या माणसाच्या घरात आमच्या बोंबलांच्या वासाने खिडक्या लागतात. मी हळूच म्हटलं, "मी सांगू का, तू खात नाहीस म्हणून?"

"नको," तो म्हणाला. "मान रखनेवाली बाई है."

जपानी मालिकांत मुलगी डबा आणते, त्यात कसलंतरी आठ पायांचं काहीतरी कापून ठेवलेलं असतं, आणि मुलगा ते निमूटपणे खातो. तेव्हा मी हसायची. विनयने भाकरीचा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. मग डोळे उघडले. मग पुन्हा घेतला. तिसऱ्या घासाला त्याने काटा कुठे असतो ते मला विचारलं. चौथ्या घासाला उत्साहाच्या भरात वाटी कलंडली आणि काकूंनी माझ्यावर सोपवलेल्या पांढऱ्या शर्टावर जिताडा उतरला.

हौशीबायने शर्ट लगेच भिजत घातला आणि भाच्याचा एक शर्ट काढून दिला. तो भाच्याने जपानात घेतला होता. पुढे गुलाबी फुलं आणि पाठीवर पंख्यासारखे कल्ले पसरलेला एक भला मोठा मासा. पोह्यांसाठी हा शर्ट कसा दिसेल याचा मी विचार केला आणि मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग आम्ही शेवटचा भाग पाहिला. हौशीबाय शेजारी बसून सगळं समजावत होती आणि तिला प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. तिच्या मते ही शाळाच नव्हती. हे लग्नघर होतं. सगळ्यांचे कपडे एकसारखे का? वऱ्हाडाला एकच कापड घेतलंय म्हणून. घंटा वाजवणारा तो भटजी. हिरव्या केसांची ती करवली, म्हणून मधे मधे नाचतेय. आणि झाडावरून फुलं पडत होती, त्या अक्षता.

"पण मावशी, अक्षता तांदळाच्या असतात," विनय म्हणाला.

"त्यांच्याकरं तांदूल महाग असंल," हौशीबाय म्हणाली आणि प्रश्न मिटला.

जपानात भात किती पिकतो हे मी वर्गात शिकवते, पण मी गप्प बसले. पडद्यावर शेजारीण पेटी घेऊन रेल्वेच्या फाटकाशी उभी होती. ती कुठेतरी निघाली होती. झिपऱ्या धापा टाकत आला. हौशीबायला राहवेना. "बग, अजून बोलत नाय. याचे तोंडान काय मीठ भरलाय? पोर रोज उठवतं याला, डबा देतं, नि यो बगत रेतो." आणि तिने चक्क टीव्हीकडे हात करून गायला सुरुवात केली.

"मांडवाचे दारी गो, फुलांचा परतंय पाऊस,
बोल रं नवऱ्या आता, मुका नको राहूस."

गाताना शेवटी तिचा हात टीव्हीवरून फिरून विनयवर आला. मला ते तालाच्या भरात झालं असं वाटलं.

झिपऱ्याने तोंड उघडलं. मी टीव्हीच्या जवळ सरकले, कारण शेजारीण जिंकणार की नाही हे आता कळणार होतं, आणि ते मला फक्त तिच्यासाठी जाणून घ्यायचं नव्हतं. त्याचे ओठ हलले. त्याच क्षणी मधून धाडधाड आगगाडी गेली. डबे, डबे, डबे. गाडी गेली तेव्हा शेजारीण रडत होती आणि हसतही होती. मग अक्षरं वर चढू लागली आणि संपलं.

"हे काय?" मी उभी राहिले. "काय म्हणाला तो?"

"जाऊ नकोस म्हणाला," विनय म्हणाला.

"कशावरून? अच्छा, जा, असंही म्हणाला असेल. ती रडली."

"ती हसली पण."

"गच्चीवरची पण हसते!" मी म्हटलं. मला रडूच यायला लागलं होतं. इतके महिने, विठ्ठलवाडी, बाळकुम, आणि ऐनवेळी आगगाडी. या लोकांनी भूकंपाला तोंड देणाऱ्या इमारती बांधल्या, आणि एक वाक्य नीट ऐकू येईल अशी जागा यांना सापडत नाही.

हौशीबाय आमच्याकडे शांतपणे बघत होती. मग तिने विचारलं, "मंग, हलद कदी धरलीव?"

"कुणाची?" विनयने विचारलं.

"कुनाची म्हंजे? तुमची. पोर नि पोरगा जोडीनं नारल घेऊन धवलारनीचे घरा येतान, ते काय कार्टून बगाला?"

आम्ही नेमके कार्टून बघायला आलो होतो. एवढंच सांगायचं होतं. दिवसभर मी मुलांची चुकीची उत्तरं सुधारते, लाल शाईने. गैरसमज झालाय मावशी, हे तीन शब्द. मी विनयकडे पाहिलं. विनय देवापुढच्या नारळाकडे बघत होता. सांग ना, असं मी डोळ्यांनी म्हटलं. त्याने डोळ्यांनीच म्हटलं, तू सांग. मी जमिनीकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. माझे गाल तापले, आणि आरसा असता तर त्यांवर आडव्या रेघा दिसल्या असत्या याची मला खात्री आहे.

"तारीक मागशी सांगा," हौशीबाय म्हणाली. "पन नारल घेतला म्हंजे मी बांधलेली. देवाम्होरं ठेवलेला नारल हौशीबाय परत देत नाय. परत न्यावाचा तर आताच बोला. मंग नाय."

नारळ कुणी परत मागितला नाही. बाहेर कुठेतरी कोंबडा आरवला, भर दुपारी. आम्ही वाकून नमस्कार केला, जपानी लोक करतात तेवढाच खोल, आणि बाहेर पडलो.

कापूरबावडी

नाक्यापर्यंत आम्ही चालत आलो. विनयच्या पाठीवरचा मासा माझ्यापुढे चालत होता. मला वाटत होतं, आता हा म्हणेल, बाईचा गैरसमज झाला, जाऊ दे. मग मी म्हणेन, हो ना, गंमतच. मग तो वर्तकनगरला जाईल, आणि मी पुढच्या रविवारी गच्चीवर उभी राहून छान झालं म्हणेन. हे सगळं मला पाठ होतं.

नाक्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे? वर्तकनगर का स्टेशन?" आम्ही दोघंही नुसते उभे. विनय माझ्याकडे वळला. त्याने तोंड उघडलं.

त्याच वेळी हायवेवरून एक टँकर गेला. मागे दुसरा. दुसऱ्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. विनयचे ओठ हलताना मला दिसले. बराच वेळ हलले. टँकर गेले, धूळ खाली बसली, आणि विनय नुसता उभा होता, कान लाल. आता माझी पाळी होती. नियमाप्रमाणे मी डोळ्यांत पाणी आणून हसायचं आणि अक्षरं वर चढायची.

"काय?" मी म्हटलं. "ऐकू आलं नाही. परत बोल."

"काही नाही."

"काही नाही काय? अर्धा मिनिट बोलत होतास. इथे काय अक्षरं वर जाणार नाहीत, विन्या. मोठ्याने बोल."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग डोळे मिटले, भाकरीच्या पहिल्या घासाला मिटले होते तसे, आणि रस्ता अगदी मोकळा असताना टँकरच्या मापाने ओरडला.

"तो नारळ परत आणायचा नाही!"

नाक्यावरचे सगळे बघायला लागले. उसाच्या रसवाल्याने चरक थांबवला. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम का येतं ते मला तेव्हा कळलं. शेजारणीला जे ऐकू आलं होतं, ते हेच असणार. एवढी गोष्ट मी त्या मालिकेची मान्य करते.

"आणि वेणीवाली?" मी विचारलं.

"तू भांडावंस म्हणून म्हणायचो," तो म्हणाला. "तू भांडायला थांबायचीस ना नंतर."

रिक्षावाल्याने मीटर टाकला. "मग स्टेशनच ना?"

"होय, स्टेशन," विनय म्हणाला.

"नाही, वर्तकनगर," मी म्हटलं. "लोकांनी पोहे भिजवलेत. तोंडाने सांगून ये त्यांना. जपान नाही हे."

वर्तकनगर

मी खाली रिक्षात बसून राहिले. विनय वर गेला, पाठीवरच्या माशासकट. वरून आधी मावशीचा आवाज आला, "हा कुठला शर्ट?" मग दार लागलं. आता मात्र जे काही बोलायचं ते तोच एकटा बोलत होता, आणि मधून गाडीही जात नव्हती.

मग जिन्यावर बांगड्या वाजल्या. साडी नेसलेली एक मुलगी खाली आली. केसांची एकच वेणी होती, काळी. तिच्या हातात पोह्यांची बशी होती, वर ओलं खोबरं. मागे विनय, मान खाली घालून.

तिने रिक्षात डोकावून मला नीट पाहून घेतलं. "तूच का ती समोरच्या घरातली?"

"हो."

"लहानपणापासून?"

"बालवाडीपासून."

"मग आधीच नाही का बोलायचं?" ती म्हणाली. "सकाळपासून साडी नेसून बसलेय मी इथे."

काकूंना आणि बोंबलांना एका घरात कसं बसवायचं हे अजून ठरायचं होतं, आणि शर्ट बाळकुमलाच राहिला होता. पण तिचं म्हणणं रास्त होतं. तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"जपानात याहून जास्त वेळ लागतो," मी म्हटलं आणि बशी घेतली.